पहिला बाइंडर: जाड अंगाचं माप आणि बारामतीचं ऊन

बारामतीच्या भिगवण चौकात किंवा इंदापूरच्या बाजारपेठेत होजिअरीच्या कुठल्याही दुकानात बनियन मागितलं, की दुकानदार गिऱ्हाइकाकडे एकवार बघतो आणि ८० पासून ११० सेंटिमीटरपर्यंतच्या खोक्यांतलं एक पुढ्यात ठेवतो. ब्रेसियर मागितली तर माप इंचात आणि त्यापुढे कपचं अक्षर. या दोन्ही फळ्यांवर ज्याच्या कामाचं काहीच नसतं असाही एक माणूस असतो. जन्माच्या दाखल्यावर त्याची नोंद मुलगी म्हणून झालेली असते, पण तो पुरुष असतो आणि ते त्याला कळत्या वयापासून ठाऊक असतं. त्याला छाती सपाट दिसेल असं अंतर्वस्त्र हवं असतं. त्याला बाइंडर म्हणतात. तो माणूस अंगानं भरलेला असेल, तर त्याच्यासाठी लिहिलेली माहितीही बहुतेक वेळा सडपातळ अंग गृहीत धरून लिहिलेली असते. हा लेख त्याच्यासाठी आहे, आणि ज्यांच्या घरात तो राहतो त्यांच्यासाठीही.

महाराष्ट्राला हिजडा समाज माहीत आहे, जोगते माहीत आहेत. वर सांगितलेला माणूस, म्हणजे ट्रान्स पुरुष, मात्र गावात असूनही दिसत नाही. बीडचे पोलीस शिपाई ललित साळवे यांच्यावर मे २०१८ मध्ये मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली, तेव्हा मराठी घराघरांत या विषयावर उघडपणे बोललं गेलं. साळवे यांची वैद्यकीय परिस्थिती वेगळी होती, त्यामुळे त्यांचं उदाहरण सगळ्यांना जसंच्या तसं लागू होत नाही. पण नोकरी, गाव आणि खात्याची परवानगी या सगळ्यांतून वाट काढत एक माणूस उभा राहिला, हे लोकांनी पाहिलं. त्याआधी १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात सांगितलं होतं, की आपली लिंगओळख ठरवण्याचा हक्क ज्याचा त्याचा आहे. कोर्टाचा निकाल मोठाच, पण सकाळी शर्ट घालून एसटी स्टँडवर जायचं असतं तेव्हा छातीचं काय करायचं, हा प्रश्न त्या निकालानं सुटत नाही. तिथे बाइंडर लागतो.

चांगल्या बाइंडरची रचना समजून घेतली की निवड निम्मी सोपी होते. त्याचा पुढचा भाग न ताणणाऱ्या, जाडसर कापडाचा असतो. मागचा भाग नायलॉन आणि स्पँडेक्सचा, ताणला जाणारा. पुढचं कापड छाती दाबून धरतं, मागचं कापड श्वासाबरोबर सैल होतं आणि बरगड्यांना फुलायला जागा देतं. दाब पुढे आणि मोकळीक मागे, ही वाटणी त्या कपड्याचा जीव आहे. म्हणूनच मुरगळलेल्या पायाचं क्रेप बँडेज, घट्ट गुंडाळलेली ओढणी किंवा चिकटपट्टी यांपैकी काहीही छातीला बांधू नये. त्यांचा दाब चारही बाजूंनी सारखा असतो. श्वास आत घेताना पट्टी जागा देत नाही, हालचालीबरोबर आवळत जाते, आणि बरगड्यांना इजा होऊ शकते. ज्यांचा हात घरातल्या कपाटापर्यंतच पोचतो अशा कितीतरी मुलांनी सुरुवात ओढणीनं केलेली असते. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांना चांगला पर्याय सांगायला हवा.

बाइंडरमुळे होणाऱ्या त्रासांवर सारा पाइट्झमायर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. त्यात १८०० जणांनी आपले अनुभव कळवले होते. ९७ टक्क्यांहून अधिक लोकांना काही ना काही त्रास झाला होता: निम्म्याहून अधिकांना पाठदुखी, जवळपास तेवढ्यांनाच अंगात उष्णता कोंडल्याचा त्रास, आणि निम्म्याच्या आसपास लोकांना छातीत दुखणं किंवा धाप लागणं. आठवड्यातले जितके दिवस बाइंडर घालावा तितका त्रास जास्त, हा संबंध त्यात ठळकपणे दिसला. आपल्या विषयाला लागून असलेली गोष्ट पुढे आहे. छातीचं आकारमान मोठं असणाऱ्यांमध्ये विशेष करून त्वचेच्या तक्रारी वाढलेल्या होत्या. आणि याच लोकांनी हेही सांगितलं होतं, की बाइंडरमुळे मनावरचा ताण उतरला, चारचौघांत जाता आलं, जीव नकोसा वाटणं कमी झालं. हे दोन्ही निष्कर्ष एकाच कागदावर आहेत. त्यातला पहिला तेवढा वाचून बाइंडर हिसकावून घेणारे पालक, आणि दुसरा तेवढा धरून दिवसरात्र तो अंगात ठेवणारी मुलं, दोघांनीही तो कागद अर्धाच वाचलेला असतो.

आता जाड अंगाकडे येऊ. बारीक माणसाच्या छातीवर दाब दिला की ऊती बरगड्यांवर पसरतात. जाड माणसाच्या अंगात त्यांना जायला बऱ्याच दिशा असतात: काखेकडे, पाठीकडे, वर गळ्याकडे, खाली पोटावर. उशीला मधोमध दोरी बांधली की कापूस दोन्ही टोकांना फुगतो, तसं होतं. म्हणून ‘एक माप लहान घेतलं तर जास्त सपाट दिसेल’ हा समज जाड अंगावर साफ उलटतो. लहान बाइंडरमधून काखेत मांसाचा गोळा बाहेर येतो, खालची कड वळी खाऊन बरगडीत रुतते, आणि छाती सपाट होण्याऐवजी वर ढकलली जाऊन अधिक उठून दिसते. माझं ठाम मत आहे की जाड ट्रान्स पुरुषाला घट्ट बाइंडर लागत नाही, त्याला अचूक बाइंडर लागतो. दोन मापांत अडकलात तर मोठं घ्या.

अचूक बसवायचं तर माप नीट घ्यायला हवं. शिंप्याकडची कापडी टेप घ्या, सुताराची लोखंडी नको. ब्रेसियर काढून किंवा अगदी मऊ, न दाबणारी घालून छातीचा घेर सर्वांत भरलेल्या ठिकाणी मोजा. मग छातीच्या घडीच्या अगदी खाली मोजा. पाठीमागून एका खांद्याच्या हाडापासून दुसऱ्या खांद्याच्या हाडापर्यंत रुंदी घ्या, हे एकट्याला जमत नाही, विश्वासातलं कुणीतरी लागतं. श्वास रोखू नका, पोट आत ओढू नका, टेप अंगात रुतू देऊ नका. त्यानंतर खुर्चीवर बसा आणि घेर पुन्हा मोजा. मापं देणाऱ्या बहुतेक तक्त्यांत ही पायरी नसते, पण जाड अंगासाठी ती सर्वांत महत्त्वाची आहे. बसल्यावर पोट वर येतं आणि छातीखालचा घेर वाढतो. कॉलेजच्या बाकावर, एमआयडीसीतल्या स्टुलावर किंवा पुण्याच्या गाडीत दिवसाचे तास बसूनच जात असतील, तर बसलेलं मापच खरं. परदेशी तक्ते इंचात असतात, १ इंच म्हणजे २.५४ सेंटिमीटर, ४८ इंच छाती म्हणजे साधारण १२२ सेंटिमीटर.

जाड अंगाची आणखी एक अडचण तक्त्यात हमखास येते. छातीचा घेर सांगतो, सगळ्यात मोठ्यांपैकी माप घ्या. खांदा सांगतो, मधलं घ्या. अशा वेळी घेराचं ऐका. खांद्याची पट्टी शिंपी आत घेऊ शकतो, तिला एक टीप मारली की झालं. काखेखालची आणि बाजूची शिवण मात्र वाढवता येत नाही, आणि पुढच्या दाबाच्या कापडाला तर कात्री लावूच नये.

लांबीचा निर्णय पोट कुठून सुरू होतं त्यावर घ्यावा. आखूड बाइंडर छातीखाली संपतो. कमरेपर्यंत किंवा नितंबांपर्यंत येणारा लांब बाइंडर पोटावरूनही जातो. ज्यांचं पोट छातीखालून लगेच भरलेलं आहे, त्यांच्यात आखूड बाइंडरची कड नेमकी घडीत बसते आणि वर गुंडाळत जाते. लांब बाइंडर ती कड लपवतो, शर्टाखाली एकसंध दिसतो, पण नितंबांवरून तो वर सरकतो आणि कमरेशी त्याचा दोर होतो. पँटच्या आत खोचला तर हे बरंच कमी होतं. उन्हाळा लक्षात घेता, पहिल्या खरेदीत मी आखूड पण रुंद खालच्या पट्ट्याचा बाइंडर सुचवेन. पोट झाकण्यासाठी सैल शर्ट असतो. पोट दाबलं की पोटात जळजळ, करपट ढेकर आणि जेवणानंतर अस्वस्थपणा यांचा त्रास होऊ शकतो, आणि त्यातून छातीच्या आकारात काही फरक पडत नाही.

बाजारात काय मिळतं? मापांची मोठी श्रेणी देणाऱ्या परदेशी कंपन्यांमध्ये अमेरिकेतली जीसीटूबी आणि अंडरवर्क्स ही नावं जुनी आहेत. तिथून मागवलं की वाहतूक आणि सीमाशुल्क वेगळं, आणि माप चुकलं तर परत पाठवणं जवळजवळ अशक्य. आपल्याकडच्या ऑनलाइन दुकानांत बाजूला हुक किंवा वेल्क्रो असलेले स्वस्त बाइंडर दिसतात. त्यांच्यापासून जाड माणसानं दूर राहावं. काखेखालची हुकांची रांग मऊ मांसात रुतते, घामात त्वचा सोलते, आणि ‘आणखी एक हुक’ लावण्याचा मोह रोज होतो. ज्यांचे खांदे आखडलेले आहेत, हात डोक्यावर नेता येत नाही, त्यांना पुढून चेन असलेला बाइंडर सोयीचा ठरू शकतो, पण चेनच्या आत कापडाची पट्टी हवी.

एक पर्याय आपल्या बाजारात सहज मिळतो आणि त्याची चर्चा कमी होते. पुरुषांमध्येही छाती वाढते, तिला गायनेकोमास्टिया म्हणतात, आणि त्यासाठी दाब देणारी बनियनं विकली जातात. ती मोठ्या मापांत मिळतात, नावानिशी पुरुषांचीच असतात, घरात कुणाच्या नजरेत खुपत नाहीत. त्यांचा दाब मध्यम असतो, त्यामुळे मोठी छाती पूर्ण सपाट होणार नाही. पण जाड पुरुषाची छाती तरी कुठे पाटीसारखी सपाट असते? गावातल्या कुठल्याही पन्नाशीच्या जाड गृहस्थाला बघा. थोडा उभार राहिला तरी आकार पुरुषी दिसतो. हे एकदा मनानं मान्य केलं की अर्धा त्रास संपतो, आणि हा जाड अंगाचा एक फायदाच आहे. चांगल्या दाबाची, एका मापानं सैल स्पोर्ट्स ब्रा आणि वर गडद रंगाचा, चौकड्यांचा सैल शर्ट, एवढ्यावरही पुष्कळांचं भागतं. छातीला लावायची चिकट किनेसिऑलॉजी टेप मोठ्या छातीवर वजन पेलत नाही आणि घामात सुटताना कातडी ओढते, म्हणून तिचा आग्रह धरू नये.

आता शिंप्याबद्दल. बारामतीच्या एमआयडीसीत हायटेक टेक्स्टाइल पार्क आहे. तिथे मोठ्या संख्येनं बायका शिलाई मशीनवर बसतात. ताणणाऱ्या कापडाला झिगझॅग टीप लागते, सरळ टीप घातली की पहिल्याच ताणाला धागा तुटतो, हे तिथली अनुभवी बाई झोपेतही सांगेल. ओव्हरलॉक मशीन आता तालुक्याच्या गावच्या शिंप्याकडेही सापडतं. तयार बाइंडर एकदा नीट बसला की त्यावरून दुसरा शिवून घेणं अवघड नाही. पुढे दुहेरी, न ताणणारं सुती मिश्र कापड, मागे चांगला ताण असलेलं जाळीदार कापड, काखेला रुंद गोट, खालची पट्टी ४ बोटं रुंद. जाड अंगासाठी काखेचा घेर मोठा ठेवणं हे शिवलेल्या बाइंडरचं खरं बळ, कारण तयार मालात तो सगळ्यांसाठी जवळपास सारखाच असतो.

पहिल्यांदा घालताना तो उलटा करून पायातून किंवा डोक्यावरून घाला. भरलेल्या कमरेवरून पायातला मार्ग अडतो, मग डोक्यावरूनच. आत हात घालून दोन्ही बाजूंची छाती खाली आणि बाहेर, काखेच्या दिशेनं बसवा. मग तपासा. पोटभर श्वास घेता येतो का? जांभई पूर्ण येते का? दोन बोटं काखेखालून आत जातात का? जिना चढून बोलता येतं का? खाली वाकून चपलेचा पट्टा लावता येतो का? यातल्या एकाचंही उत्तर नाही असेल, तर तो बाइंडर तुमच्या मापाचा नाही, मग आरशात कितीही सुंदर दिसो. बोटांना मुंग्या, बधिरपणा, चक्कर, टोचणारी कळ आली की तत्क्षणी काढा. सुरुवातीला रोज एखाद-दोन तास, मग हळूहळू. सरसकट ८ तासांची मर्यादा सांगितली जाते, ती वरची कड समजावी. आठवड्यात बाइंडरविना दिवस ठेवा. रात्री त्यात झोपू नका. जाड माणसात घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं अधिक दिसतं, त्यावर छातीला दाब नको. दमा असलेल्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय सुरू करू नये.

आता ऊन. बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा पट्टा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो. जाड अंगाच्या घड्यांत घाम साचतो, बाइंडरखाली तो वाळत नाही, आणि छातीखाली लाल, खाजरे, कधी ओले चट्टे उठतात. हा नायट्यासारखा बुरशीचा संसर्ग असू शकतो. उपाय साधा आहे: आंघोळीनंतर घडी पंचानं टिपून, पंख्याखाली पूर्ण वाळवून मगच बाइंडर. आत पातळ सुती बनियन घालावं. पावडरीचे थर नकोत, घामात त्यांचे गोळे होतात आणि घडी घासली जाते. औषधाच्या दुकानातून विचारून आणलेलं ‘तीन-चार औषधांचं’ मलम मात्र हातात घेऊ नका. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, मग नायटा दुप्पट पसरतो आणि औषधालाही दाद देत नाही. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. बारामतीत पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे त्वचेसाठी जाताना अंगावर चट्टा कुठे आहे एवढं सांगितलं तरी तपासणी होते. बाइंडरबद्दल सांगितलंत तर उपचार अधिक नेमका होईल.

बाइंडर दोन हवेत, एक अंगात आणि एक दोरीवर. गार पाण्यात हातानं धुवा, पिळू नका, सावलीत वाळवा. कडक उन्हात आणि गरम पाण्यात त्याचा ताण मरतो. ताण मेला की माणूस नकळत आणखी लहान माप मागवतो, हा धोका ओळखून असावं. अंगणातल्या दोरीवर घालायची सोय नसेल तर खोलीत पंख्याखाली वाळवा, पण ओलसर असताना घालू नका.

या भागातली पोरं पहाटे पोलीस भरतीसाठी मैदानावर धावताना दिसतात. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पोलीस भरतीत पारलिंगी उमेदवारांना संधी देण्याचे आदेश राज्य सरकारला दिले, तेव्हापासून या मैदानांकडे आशेनं बघणारे ट्रान्स पुरुषही आहेत. शिपाई भरतीत पुरुषांना १६०० मीटर धावावं लागतं. ते अंतर बाइंडरमध्ये धावू नका. व्यायामाला सैल स्पोर्ट्स ब्रा आणि वर ढगळ टी-शर्ट. शेतात, गुऱ्हाळावर, भट्टीजवळ काम असेल तेव्हाही तसंच. तुकोबांची पालखी बारामतीवरून इंदापूरकडे जाते त्या दिवसांत दिंडीत चालणार असाल, तर बाइंडर पिशवीत असू द्या.

घरच्यांना दोन शब्द. मुलाच्या कपाटात असं काही सापडलं तर ते फेकू नका. बाइंडर गेला की ओढणी येते, आणि ती अधिक आवळली जाते. त्याच्या जाडीवर बोलून तर काहीच साध्य होत नाही. बाइंडर निवडताना वजनाची अट घालण्याचं कारण नाही, आज जे अंग आहे त्याच्याच मापाचा कपडा लागतो. उलट विचारा, नीट श्वास घेता येतो का, खाज येते का, रात्री काढतोस ना. एवढ्या चौकशीनं पुढच्या डॉक्टरभेटीचा रस्ता मोकळा होतो.

आणि बारामती-इंदापूरमधल्या शिंपी दादा-ताईंना विनंती. कुणी असं काही शिवून मागितलं, तर कारण विचारू नका, माप पडद्याआड घ्या, ते वहीत इतर मापांसारखंच लिहा आणि गावात त्याबद्दल बोलू नका.